श्रीलंकेला नेमकं कधी जावं? पाऊस, डोंगर आणि आपल्या सुट्ट्या यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना, दिवाळी आणि नाताळ. आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या श्रीलंका सहली याच तीन सुट्ट्यांत बसवल्या जातात, आणि पहिला प्रश्नही ठरलेला असतो: "तेव्हा तिकडे पाऊस असतो का हो?" बहुतेक वेळा असतोच, फक्त सगळीकडे नसतो. या देशात महिना विचारण्याआधी बाजू विचारावी लागते. पश्चिम की पूर्व, डोंगराच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरलं की तारखा आपोआप मार्गी लागतात. नातेवाईक, शेजारी आणि ट्रेकिंगच्या ग्रुपवरची मंडळी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

एवढंसं बेट, मग हवा ठिकठिकाणी वेगळी कशी?

क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडंसंच जास्त. पण मधोमध डोंगरांचा मोठा गड्डा आहे. सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला २,५२४ मीटर. त्याच्या पायथ्याचं नुवारा एलिया हे गावच १,८६८ मीटरवर वसलंय, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही (१,६४६ मीटर) वर. या डोंगरांवर वर्षातून दोनदा, दोन वेगळ्या दिशांनी वारे येऊन आदळतात.

मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपलेच. ते कोलंबो, गॉल, रत्नपुरा आणि डोंगरांचे पश्चिम उतार भिजवतात. हॅटन-गिनिगथेना पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात आणि त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि डोंगरांचे पूर्व उतार ओले करतात. मधल्या दोन संधिकाळांत, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वारा पडलेला असतो. तेव्हा पाऊस येतो तो दुपारच्या गडगडाटासह, आपल्या वळवासारखा.

महाबळेश्वरला धो धो, पाचगणीला त्याहून कमी आणि वाईला जेमतेम, हा खेळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. सह्याद्रीत पर्जन्यछायेची बाजू मात्र कायमची ठरलेली असते. श्रीलंकेत ती सहा महिन्यांनी बदलते. जुलैमध्ये हॅटनला छत्री मिटत नाही, तेव्हा डोंगरापलीकडच्या बंडारवेला आणि एल्ला भागात ऊन आणि सुसाट वारा असतो. हाच वारा आणखी पूर्वेला खाली उतरता उतरता इतका कोरडा आणि तापलेला होतो, की तिकडचे लोक त्याला 'कच्चान' हे वेगळं नाव देऊन नावं ठेवतात.

फार खोलात जायचं नाही. एकच महिना सांगा.

फेब्रुवारी. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत कधीही चालेल. ईशान्य वाऱ्यांचा जोर ओसरलेला असतो, डोंगर स्वच्छ दिसतात, दक्षिण आणि पश्चिमेचा समुद्र शांत असतो. पूर्व किनाऱ्यावर जायचं असेल तर मार्चच्या अखेरीची वाट पाहा. अडचण एवढीच, की या काळात आपल्या मुलांच्या परीक्षा असतात. म्हणून तर पुढचे प्रश्न.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं का?

जावं, पण दौरा उलटा करून. सहल कंपन्यांचा ठरलेला मार्ग कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी दोन रात्री बेंतोटा किंवा हिक्कडुवाचा समुद्र असा असतो. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे बेटावर पोहोचतात, केरळच्या १ जूनच्या काही दिवस आधी. म्हणजे ज्या समुद्रासाठी पैसे मोजले तिथे लाल बावटा लागलेला. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी मे महिन्यातच पूर आणि दरडींनी नैर्ऋत्य भागात मोठी हानी केली होती.

उलटा दौरा म्हणजे असा: विमानतळावरून थेट सिगिरिया-पोलोन्नरुवाकडे, तिथून त्रिंकोमालीजवळचा निलावेली किंवा पासिकुडाचा किनारा, मग महियंगणयच्या बाजूने वर चढून एल्ला-बंडारवेला, आणि शेवटी नुवारा एलिया, कँडी करत परत. पूर्वेचा समुद्र या दिवसांत तळ दिसेल इतका नितळ असतो. सिगिरियाच्या परिसरात मात्र उकाडा नागपूरची आठवण करून देत नसला, तरी दमट असल्याने जास्त थकवतो. सिगिरियाचा खडक सकाळी सातला चढायला घ्या, दहाला खाली या आणि दुपारी सरळ झोपा.

एप्रिलचा दुसरा पंधरवडा मिळत असेल तर मेपेक्षा तो बरा. १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, ते टाळा. त्या दोन-चार दिवसांत दुकानं बंद, चालक गावी, आणि कोलंबोचं निम्मं शहर नुवारा एलियाला. तिथे एप्रिल म्हणजे जत्राच: घोड्यांच्या शर्यती, फुलांची प्रदर्शनं, तळ्याकाठी वाहनांच्या रांगा. हॉटेलचे दर तेव्हा ज्या पातळीला जातात, त्या पैशात तिथे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

मेमधली एक गोष्ट खरोखर बघण्यासारखी: पौर्णिमेचा वेसाक, म्हणजे बुद्धपौर्णिमा. घराघरांवर कागदी कंदील, रस्त्यांवर रोषणाईच्या कमानी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालणारे 'दंसल'. पाऊस आला तरी रांगा हलत नाहीत.

दिवाळीत तिकिटं स्वस्त दिसतायत. काढू का?

स्वस्त का आहेत ते आधी पाहू. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा संपूर्ण देशासाठी मिळून सर्वांत ओला काळ. संधिकाळातले दुपारचे गडगडाटी पाऊस तर असतातच, शिवाय बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणि वादळं याच सुमारास बनतात. कोणतीही एक बाजू हमखास कोरडी सापडेल, असं या दोन महिन्यांत सांगता येत नाही.

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली असेल तर मी जोखीम घेईन. सकाळी बहुतेक वेळा उघडीप असते, धबधबे भरलेले असतात आणि गर्दी नसते. दिवाळी नोव्हेंबरमध्ये सरकली असेल तर डोंगराचा भाग कमी करून सिगिरिया, दंबुल्ला, कँडी, गॉल एवढ्यावर समाधान मानावं. जाफना आणि त्रिंकोमाली तेव्हा नको, कारण त्यांचा मुख्य पावसाळाच सुरू होत असतो.

आणखी एक बाब आपल्याकडच्या बातम्यांवरून ताडता येते. एल निनोच्या वर्षी आपला मान्सून रुसण्याची भीती असते, पण श्रीलंकेचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस त्याच वर्षी सरासरीपेक्षा वाढण्याकडे कल असतो. जूनमध्ये मराठवाड्याच्या पेरण्यांबरोबर एल निनोची चर्चा सुरू झाली, की दिवाळीच्या बुकिंगमध्ये तारखा बदलण्याची सोय ठेवावी.

दिवाळीची सार्वजनिक सुट्टी तिकडेही असते. चहामळ्यांतल्या तमिळ वस्त्यांमध्ये आणि कोलंबोच्या वेल्लवत्त भागात ती चांगली साजरी होते.

नाताळ आणि नवीन वर्ष?

दक्षिण-पश्चिम किनाऱ्यासाठी उत्तम, खिशासाठी वाईट. गॉल, उनावटुना, मिरिस्सा इथे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात युरोपातले पर्यटक भरलेले असतात. पूर्वेकडे पाऊस चालू. डोंगरात बेभरवशाचं: नुवारा एलियाला दिवसभर धुकं बसू शकतं आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडू शकतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर निघता आलं तर पैसे आणि पाऊस दोन्ही वाचतील.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडेच एवढा पाऊस, तेव्हा तिकडे कोण जाणार?

जाणकार जातात. कँडीचा एसला पेराहेरा, बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराची ती प्रसिद्ध हत्तींची मिरवणूक, जुलै-ऑगस्टमध्येच निघते. पूर्वेचे किनारे कोरडे, 'अरुगम बे' इथे लाटांवर स्वार होणाऱ्यांची झुंबड, आणि मिन्नेरियाला हत्तींचा मेळा. तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाने बांधलेल्या मिन्नेरिया तलावाचं पाणी या कोरड्या दिवसांत मागे हटतं, मोकळ्या झालेल्या तळावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या जंगलांतले हत्ती कळपाकळपांनी त्यावर येतात. ऑगस्ट-सप्टेंबर हा त्याचा ऐन बहर. दुपारी चारनंतर गेलात तर माद्या पिल्लांना मध्ये घेऊन चरताना दिसतात. एखादी मादी गवताची जुडी सोंडेने उपटते, पुढच्या पायावर आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. जीपवाल्याला आधीच बजावा, की गाडी लांब आणि इंजिन बंद.

बिबट्यासाठी 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानाचा बेत असेल तर सप्टेंबरमध्ये जपून. कोरड्या हंगामामुळे त्याचा मुख्य भाग बहुतेक वर्षी सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात.

नुवारा एलियाला स्वेटर लागतो का? विषुववृत्ताजवळ थंडी कसली?

लागतो, आणि चांगला जाड. कोलंबोत रात्रीही पंखा लागतो, तिथे दिवसा विशीच्या आसपास तापमान आणि रात्री दहा-बारा. जानेवारी-फेब्रुवारीत निरभ्र रात्री पारा आणखी घसरतो आणि चहाच्या सखल मळ्यांवर, हॉर्टन प्लेन्स पठाराच्या गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. पण त्रास थंडीपेक्षा ओलीचा जास्त. जुन्या बंगल्यांच्या हॉटेलांत अंथरूण गार, दमट लागतं आणि धुतलेले मोजे दोन दिवस वाळत नाहीत. खोली ठरवताना नजाऱ्याच्या आधी हीटर आहे का ते विचारा.

इतक्या उंचीवर श्वासाचा त्रास होईल का?

नाही. गाडी लागण्याचा त्रास मात्र होईल. कँडी ते नुवारा एलिया ऐंशीएक किलोमीटर, पण वळणं इतकी की तीन तास धराच. आवळासुपारी पुढच्या खिशात ठेवा.

ती निळी ट्रेन आणि एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल. कोणत्या महिन्यात?

कँडीकडून नानू ओयामार्गे बदुल्लाला जाणारा हा मार्ग दोन हवामानांच्या मधून जातो, म्हणून एकच महिना सांगता येत नाही. पत्तीपोला हे सर्वांत उंच स्थानक, सुमारे १,९०० मीटर. त्याच्या पुढे ओहियाच्या दिशेने बोगदा लागतो आणि तिथे मध्य प्रांत संपून ऊवा प्रांत सुरू होतो. जूनमध्ये बोगद्याच्या या तोंडाला काचेवर पावसाचे ओघळ आणि पलीकडच्या तोंडाला स्वच्छ ऊन, असं खरोखर घडतं. डिसेंबरमध्ये कधी कधी बरोबर उलटं.

जानेवारी ते मार्च दोन्ही बाजू दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. जून ते ऑगस्टमध्ये फक्त एल्ला आणि हपुतलेच्या बाजूचा टप्पा घ्या. डब्यातला फेरीवाला टोपलीतून गरम वडे देईल, वर लाल सुक्या मिरच्या. शाकाहारी असाल तर हात पुढे करण्याआधी नीट बघा, 'इस्सो वडे' म्हणजे वर अख्खी कोळंबी बसवलेले.

हॉर्टन प्लेन्सला पहाटेच का जायचं?

कारण 'वर्ल्ड्स एंड'चा कडा नऊ-दहानंतर धुक्यात गडप होतो. साडेआठशे मीटरहून खोल दरी आणि तुम्ही पांढऱ्या भिंतीसमोर उभे. फाटक सहाला उघडतं. तिथे पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचं वेष्टनसुद्धा. जानेवारी ते मार्च सर्वोत्तम. याच पठाराच्या जंगलात नेलू नावाचं झुडूप साधारण बारा वर्षांनी एकदम फुलतं. आपल्या कारवीच्याच कुळातलं. मागचा बहर २०२५ मधला, त्यामुळे आता घाई नाही.

श्रीपाद शिखर पावसाळ्यात चढता येईल का?

बंदी नाही, पण चढू नये. ॲडम्स पीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या २,२४३ मीटरच्या शिखराची यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते आणि वेसाकच्या पौर्णिमेला संपते. यात्रेत रात्रभर पायऱ्यांवर दिवे, चहाच्या टपऱ्या आणि सोबतीला आजीबाईंपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळे असतात. नंतर दिवे बंद, टपऱ्या बंद, आणि साडेपाच हजार पायऱ्या ओल्या. हे शिखर नैर्ऋत्य वाऱ्यांच्या थेट तोंडावर आहे. यात्रेच्या काळातही शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर सूर्योदय रांगेतच होईल.

मोबाइलवरचं ॲप रोज ढग आणि वीज दाखवतंय. सहल रद्द करू?

त्या चित्रावरून काहीच ठरवू नका. संधिकाळात ॲप दिवसभराला एकच चिन्ह देतं, प्रत्यक्षात पाऊस दुपारी दोन-अडीच तास पडतो. श्रीलंकेच्या हवामान खात्याचा अंदाज प्रांतवार असतो आणि त्यात अनेकदा 'दुपारी २ नंतर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पश्चिम, सबरगमुवा, मध्य, ऊवा, पूर्व, दक्षिण ही प्रांतांची नावं ओळखीची करून घ्या, मग अंदाज कामाचा वाटू लागतो. एप्रिलमध्ये विजांना मात्र हसण्यावारी नेऊ नका. दुपारी उघड्या माथ्यावर किंवा सिगिरियाच्या लोखंडी जिन्यावर थांबायचं नाही.

घड्याळ आपलंच आहे, पण उजेड नाही. मुंबईत मेमध्ये सातनंतरही संधिप्रकाश असतो, तिकडे बारा महिने साडेसहाच्या सुमारास अंधार होतो. दिवसाचा आराखडा तासभर अलीकडे ओढा.

दरडी आणि वादळांची भीती कितपत खरी?

खरी आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले. सर्वांत मोठा फटका किनाऱ्यापेक्षा कँडी, बदुल्ला, नुवारा एलिया अशा डोंगराळ जिल्ह्यांना बसला, तोही दरडींमुळे. डोंगरातल्या रेल्वेमार्गाचं जबर नुकसान झालं, म्हणून गाडीचं बुकिंग करण्याआधी कोणता टप्पा चालू आहे ते तपासाच.

दरडींचा इशारा तिथे राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देते, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन पातळ्यांवर. तुम्ही जात असलेल्या तालुक्याला नारिंगी लागला असेल तर चालक "काही होत नाही" म्हणाला तरी घाटात शिरू नका. त्याला पुढचं गिऱ्हाईक गाठायचं असतं. एक रात्र खाली कँडीत किंवा मैदानी भागात काढली तर काही बिघडत नाही.

देवमासे कधी दिसतात?

मिरिस्साला नोव्हेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीला मे ते ऑक्टोबर. समुद्र ज्या बाजूला शांत, त्या बाजूला बोटी.

मळ्यातला चांगला चहा आणायचाय. त्याचाही हंगाम असतो?

असतो, आणि वारेच तो ठरवतात. पानं वर्षभर खुडतात, पण कोरडा वारा सुटला की वाढ मंदावते आणि सुगंध घट्ट होतो. पश्चिम उतारावरच्या डिंबुलाचा चहा जानेवारी ते मार्चमध्ये सर्वांत चांगला, ऊवाचा जुलै ते सप्टेंबरमध्ये. विमानतळावरच्या रंगीत डब्यांऐवजी मळ्याच्या कारखान्यात जाऊन, प्रांत आणि महिना विचारून घ्या.

सामानात काय हवं?

छत्रीपेक्षा रेनकोट बरा, डोंगरात वारा छत्री टिकू देत नाही. लवकर वाळणारे कपडे, एक उबदार जाकीट, मंदिरांसाठी खांदे-गुडघे झाकणारा पेहराव. सिंहराजासारख्या वर्षावनात जायचं असेल तर जळवांसाठी लांब मोजे तिथेच भाड्याने मिळतात, ते घ्याच. जळू लागलीच तर ओढून काढू नका, नखाने कडेने सरकवा. डास प्रतिबंधक मलम बारा महिने, कारण दोन्ही पावसाळ्यांच्या आसपास डेंग्यू वाढतो.

तारखा ठरवताना आणखी काही बघायचं राहिलं का?

पौर्णिमा. तिथे प्रत्येक पौर्णिमा, म्हणजे 'पोया', सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकत नाहीत, मांसाची दुकानं बहुतेक बंद असतात आणि देवळांच्या गावात पांढऱ्या कपड्यांतली गर्दी असते. अनुराधापूर बघायचं असेल तर पोया मुद्दाम गाठा, कँडी ते नुवारा एलिया असा प्रवास करायचा असेल तर टाळा. कालनिर्णयमध्ये पौर्णिमा बघितली तरी चालते, फक्त कधी कधी एका दिवसाचा फरक पडतो, तेव्हा हॉटेलला फोन करून विचारून घ्या.